शाळेतली दरी आधी मोजा, मग उपाय ठरवा

प्रति,
संपादक,
सस्नेह नमस्कार.

शैक्षणिक विषमता कमी करण्यासाठी शाळेच्या हातात नेमके काय आहे, यावर आपल्याकडे मते पुष्कळ आहेत आणि तपासून पाहिलेली उत्तरे थोडी. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, बालभारती, परीक्षा परिषद आणि शिक्षण आयुक्तालय ही चारही कार्यालये पुण्यात आहेत. तरी येरवड्यातल्या किंवा जनता वसाहतीजवळच्या एखाद्या शाळेत चौथीच्या किती मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो, हा आकडा तिथल्या पालकाला सहज मिळत नाही. मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणारी ‘असर’ची पाहणी २००५ पासून होते, पण ती ग्रामीण भागाची. मुळशी-भोरची मुले तिच्यात येऊ शकतात, हडपसरची येत नाहीत. या विषयात काम करणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे असे की शाळांनी वर्गाच्या सरासरीऐवजी वर्गातले अंतर मोजावे, आणि कोणताही उपाय शहरभर लावण्याआधी तो थोड्या शाळांत तुलनेसह करून पाहावा. हे कसे करायचे आणि कुठे फसते, ते सांगण्यासाठी हे पत्र.

सरासरी काय लपवते, ते एका काल्पनिक वर्गावरून पाहा. वर्गात ३६ मुले आहेत. गुणांच्या क्रमाने नऊ-नऊ मुलांचे चार गट केले, तर गटांची सरासरी ८०, ६०, ४० आणि २० येते, वर्गाची ५०. वर्षभराने तेच गट ९०, ६६, ४२ आणि २० वर आहेत. वर्गाची सरासरी ५४.५ झाली, म्हणून शाळेचे कौतुक होईल. पण वरच्या आणि खालच्या गटातले अंतर ६० वरून ७० वर गेले आहे आणि शेवटच्या नऊ मुलांचे अख्खे वर्ष फुकट गेले आहे. म्हणून प्रत्येक शाळेने तीन आकडे ठेवावेत: वर्गाच्या बरोबर मधल्या मुलाची पातळी, खालच्या पाव वर्गाची सरासरी, आणि वरच्या व खालच्या पाव वर्गातले अंतर. चौथा आकडा याहून महत्त्वाचा आहे, तो म्हणजे पटावरची किती मुले तपासली गेलीच नाहीत. परीक्षेच्या दिवशी गैरहजर असलेले मूल सरासरीतून नाहीसे होते, आणि गैरहजर असतात ती बहुधा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली, वीटभट्टीवरची, किंवा वाघोलीतले बांधकाम संपले म्हणून हिंजवडीला हललेली मुले. टक्केवारी काढताना भागाकार पटसंख्येने करावा, उपस्थितीने नव्हे. एवढ्या एका बदलाने कित्येक शाळांचे चित्र पालटेल.

आता मोजमापाचे साधन. पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन या लेखी चाचण्या इयत्तेच्या पातळीवरच्या असतात. पाचवीतल्या ज्या मुलाला फक्त सुटी अक्षरे ओळखता येतात, त्याला पाचवीची प्रश्नपत्रिका दिली तर शून्याच्या आसपास गुण मिळतात. वर्षभरात ते शब्द वाचू लागले तरी पुढच्या पेपरात पुन्हा तेवढेच. त्याने गाठलेला टप्पा कागदावर उमटत नाही आणि शिक्षकाची मेहनतही दिसत नाही. हा प्रश्न किती खोल आहे, ते दिल्लीतल्या एका अभ्यासातून दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि इयत्ता वाढत गेली तसे हे अंतरही वाढत होते. एकाच बाकावर चार इयत्तांची मुले बसलेली असतील, तर पाठ्यपुस्तकाचे पान सगळ्यांसाठी एकदम उलटून कसे चालेल?

म्हणून तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला समोर बसवून तोंडी तपासावे. साधन अवघड नाही. एका कागदावर सुटी अक्षरे, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि चौथ्यावर दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करावी. मूल अडखळत एकेक शब्द न जुळवता वाक्य म्हणून वाचत असेल आणि तीनपेक्षा जास्त चुका नसतील, तर गोष्ट द्यावी. नाहीतर शब्दांवर यावे. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दपातळीवर, नाहीतर अक्षरांवर यावे, तिथेही पाचपैकी चार. गणितात १ ते ९ अंक, मग ११ ते ९९, मग हातच्याची वजाबाकी, शेवटी तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. एका मुलाला सात-आठ मिनिटे लागतात. ३५ मुलांचा वर्ग म्हणजे फार तर पावणेपाच तास; रोज एक तास दिला तर पाच दिवसांत काम होते.

मराठीपुरत्या काही गोष्टी इथे काटेकोरपणे ठरवाव्या लागतात. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हणणाऱ्या मुलाने शब्द वाचलेला आहे. त्याची चूक धरली तर आपण वाचन तपासत नाही, घरची बोली तपासतो, आणि दरी आहे त्याहून मोठी दाखवतो. जोडाक्षर सोडून देणे, रफार गाळणे, भ-म आणि घ-ध यांची अदलाबदल या मात्र खऱ्या वाचनाच्या चुका. त्या कोणत्या जागी झाल्या ते समासात लिहून ठेवावे, कारण पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे ते तिथेच कळते. संख्यांतही असेच. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारे मूल स्थानिक किंमत समजत नाही असे एकदम ठरवू नये. काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढे ठेवाव्यात. तिथे बरोबर सांगितले तर अडचण संख्येच्या नावाची आहे, गणिताची नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला ६० शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य आहे. त्यातले ‘अर्थासह’ विसरले की मुले घड्याळाशी शर्यत लावून वाचतात. गोष्टीवर दोन साधे प्रश्न विचारल्याशिवाय नोंद पूर्ण समजू नये.

तपासणी बिघडते ती ठरावीक ठिकाणी. शिक्षकाने स्वतःचाच वर्ग तपासला की पहिले अक्षर नकळत सुचवले जाते. एकच संच वापरला तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो केंद्रातल्या (जवळपासच्या शाळांच्या समूहातल्या) सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो, म्हणून सारख्या काठिण्याचे निदान चार संच हवेत. वर्गासमोर वाचायला लावले तर लाजरे मूल येत असूनही गप्प राहते. आणि मेच्या सुट्टीआधी एकदा व सुट्टीनंतर एकदा तपासले, तर मधल्या दिवसांत जे विसरले गेले त्याचा दोष किंवा श्रेय भलत्याच उपायाला जाते. वेळ ठरलेली असावी: शाळा उघडल्यावर जूनचा दुसरा पंधरवडा, दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि मार्चच्या अखेरीस एकदा.

मोजल्यावर करायचे काय? या प्रश्नाचे सगळ्यात भक्कम उत्तर भारतातच, आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारी मुंबईत झाली आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वर्गांत झाला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना वस्तीतलीच शिकलेली तरुणी रोज दोन तास वेगळे घेऊन वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घेई. शाळेची सरासरी पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे माप) वाढली. दुसरा आकडा सोप्या भाषेत सांगायचा तर १०० मुलांच्या रांगेत बरोबर मधे उभे असलेले मूल ६१ मुलांच्या पुढे गेले. ही वाढ मुख्यतः सर्वांत मागच्या मुलांची होती, म्हणजे अंतर खरोखर कमी झाले. त्याच अभ्यासातला दुसरा भाग कमी सांगितला जातो: उपक्रम थांबल्यावर वर्षभराने फायदा ०.१० पर्यंत ओसरला. एकदा शिबिर घेऊन फोटो काढण्याने भागत नाही, हे त्यातून घ्यायचे.

पुढे मुलाला त्याच्या पातळीपासून शिकवण्याच्या याच पद्धतीची राज्याराज्यांत चाचणी झाली आणि जिथे ती अपयशी ठरली ती ठिकाणे आपल्याला जास्त शिकवतात. बिहारमध्ये शिक्षकांना नुसते साहित्य दिले, काही ठिकाणी प्रशिक्षणही दिले. वर्गात काही बदलले नाही, कारण घंटा वाजली की शिक्षक पुन्हा पाठ्यपुस्तकाकडेच वळले. तिथेच उन्हाळी शिबिरात त्याच सरकारी शिक्षकांनी तीच पद्धत वापरली तेव्हा फायदा दिसला. म्हणजे शिक्षकांना येत नव्हते असे नाही, वेळापत्रक त्यांना तसे करू देत नव्हते. हरियाणात याच कामासाठी दिवसाचा एक वेगळा तास ठरवला, मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवले आणि तालुका पातळीवरच्या पर्यवेक्षकांनी वर्गात जाऊन मदत केली. तिथे भाषेत सुधारणा झाली. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये शाळेच्याच वेळेत दहा-दहा दिवसांची शिबिरे घेतली, वर्षात एकूण ५० दिवस. शिबिराच्या शाळांत सुमारे ४९ टक्के मुले परिच्छेद किंवा गोष्ट वाचू लागली. तुलनेच्या शाळांत हे प्रमाण २४ टक्के होते.

पुण्यातल्या शाळेत हे बसवायचे तर असे बसवता येईल. तिसरी, चौथी, पाचवी या तिन्ही इयत्तांची वर्षातले ५० दिवस रोज ९० मिनिटे एकाच वेळी राखून ठेवावीत, ४५ भाषेला आणि ४५ गणिताला. त्या वेळेपुरते इयत्तांचे वर्ग मोडून तीन गट करावेत: अक्षर-शब्द, परिच्छेद, गोष्ट. अक्षर-शब्द गटात २० पेक्षा जास्त मुले नकोत, आणि तो गट शाळेतल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावा. नेमके याच्या उलट होते. हा गट नव्याने आलेल्या किंवा मानधनावरच्या माणसाकडे जातो आणि अनुभवी बाई शिष्यवृत्तीच्या तासाला जातात. दर दहा कामकाजाच्या दिवसांनी पुन्हा तपासून मुले पुढच्या गटात सरकवावीत. साहित्य म्हणजे बाराखडीचा तक्ता, शब्दपट्ट्या, मोठ्या अक्षरातल्या ३०-४० छोट्या गोष्टी, काड्या आणि रबर, खेळातल्या नोटा. गोष्ट आधी शिक्षकाने बोट ठेवत वाचायची, मग सगळ्यांनी, मग एकेकाने, मग तिच्यावर बोलायचे आणि शेवटी दोन-तीन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. या पाचही पायऱ्या रोज व्हाव्यात. लिहिणे वेळेअभावी गळते, आणि गळले की जोडाक्षरे पक्की होत नाहीत.

पोर्शन मागे पडेल, ही मुख्याध्यापकांची हरकत खरी आहे, पण तिचा हिशोब करून पाहावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. ५० दिवस रोज दीड तास म्हणजे ७५ तास, दहाव्या हिश्शाहूनही कमी. ज्या मुलाला वाचताच येत नाही, त्याच्यासाठी उरलेले ७२५ तास तसेही बहुतांशी वाया जातात.

गट करणे आणि तुकड्या पाडणे यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. ‘अ’ तुकडीत हुशार आणि ‘ड’ तुकडीत राहिलेली मुले, ही आपल्या कित्येक माध्यमिक शाळांची जुनी सवय आहे. दिवसभर, वर्षभर अशी वेगळी बसवलेली खालची मुले साधारणपणे आणखी मागे पडतात. तिथे अभ्यास सोपा केला जातो, शिक्षकांच्या अपेक्षा उतरतात आणि मुलाला आपली जागा कळते. पातळीचा गट फक्त दीड तासाचा असतो, एका कौशल्यापुरता असतो आणि दहा दिवसांत बदलतो. गट महिनोन्महिने तेच राहिले, तर ती नव्या नावाची तुकडीच झाली. पर्यवेक्षकाने शाळेत आल्यावर आधी एवढेच विचारावे: गेल्या महिन्यात किती मुले गट बदलून पुढे गेली?

शिक्षक कुणाच्या वाट्याला किती येतो, हा या शहरातला जुना प्रश्न आहे. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच दाखवून दिले होते की सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. आज कायद्याने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. जिल्ह्याची सरासरी काढली की हे प्रमाण ठीक दिसते. पण वेल्ह्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, त्यातला एक सतत ऑनलाइन माहिती भरत असतो. आणि शहराच्या कडेला नव्याने वाढलेल्या भागात एकाच वर्गात पन्नास मुले बसतात. प्रत्येक शाळेने आपल्या सर्वांत अनुभवी दोन शिक्षकांचा आठवडा कागदावर मांडून पाहावा, कोणत्या मुलांना किती तास. हे संशोधन एका तासात होते, त्याला पैसे लागत नाहीत, आणि त्याचे उत्तर बहुतेक शाळांना अस्वस्थ करेल.

काही विषमता आपण रोजच्या रीतीनेच तयार करतो, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. उत्तर प्रदेशातल्या एका प्रयोगात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर झालेली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुले सारखीच पुढे होती. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाने कमी झाली. कोडी मात्र तशीच होती. आता आपल्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना काय होते ते आठवा: शिक्षक वर्गात येऊन प्रवर्गाचे नाव घेतात आणि मुलांना उभे राहायला सांगतात. हे आजच्या आज थांबवता येते. यादी कार्यालयात काढावी, कागदपत्रे पालकांकडून कार्यालयातच घ्यावीत, वर्गात प्रवर्गाचा उच्चार होऊ नये. भारतातच झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेच पेपर वेगवेगळ्या जातींची माहिती लावून शिक्षकांना तपासायला दिले. कनिष्ठ जातीची माहिती असलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले, आणि हा फरक तपासणीच्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त होता. त्यावर उपाय साधा आहे. सत्र परीक्षेला नावाऐवजी क्रमांक टाकावा, पहिले पान दुमडून शिवावे, गुणदानाचा तक्ता आधी ठरवावा आणि पहिले दहा पेपर सगळे झाल्यावर पुन्हा पाहावेत. केंद्रातल्या दोन शाळांनी पेपर अदलाबदल करून तपासले तर आणखी चांगले.

नजर तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सहा मीटरवर उलटसुलट ‘ई’चा तक्ता लावावा, एकेक डोळा झाकून तपासावे, अक्षर न येणाऱ्या मुलालाही बोटाने दिशा दाखवता येते. अडते ते पुढे. ‘चष्मा लागेल’ अशी चिठ्ठी घरी जाते आणि तिथेच राहते, कारण दवाखान्यात न्यायचे म्हणजे आईचा किंवा वडिलांचा रोज बुडतो. चीनमधल्या गान्सू प्रांतात मोफत चष्मे दिल्यावर मुलांचे गुण वाढले, पण बऱ्याच कुटुंबांनी चष्मा नाकारलाही. म्हणून नंबर शाळेतच काढावा, चौकट मुलालाच निवडू द्यावी, महिन्याने चष्मा डोळ्यावर आहे की दप्तरात हे पाहावे. पोषण आहाराचेही तसेच: देशभरातल्या माहितीवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाच वर्षांपर्यंत आहार मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहून कमी मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होते. आहार बंद पडलेले दिवस शाळेच्या नोंदीत दिसलेच पाहिजेत.

खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के प्रवेशांबद्दल थोडक्यात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, हा २०२४ मधला बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला, ते योग्यच झाले. गरीब मुले आल्याने आमची मुले मागे पडतील, ही भीती दिल्लीच्या शाळांत तपासली गेली आहे: सधन मुलांच्या हिंदी आणि गणितावर परिणाम झाला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली, आणि ती मुले इतरांना मदत करण्यात व बरोबर खेळायला घेण्यात अधिक मोकळी झाली. प्रवेशानंतरचे मात्र कुणी मोजत नाही. सहल, गणवेश, स्नेहसंमेलनाचा पोशाख यांचा खर्च, इंग्रजीतून येणारा गृहपाठ, आणि आठवीनंतर संपणारा हक्क. नववीत या मुलांपैकी किती त्याच शाळेत राहिली, एवढा एक आकडा जरी शिक्षणाधिकारी कार्यालयाने दरवर्षी काढला तरी पुष्कळ कळेल.

आता संशोधनाच्या पद्धतीबद्दल, कारण बहुतेक उपक्रमांचे अहवाल इथेच कच्चे राहतात. जूनमध्ये सर्वांत कमी गुण मिळालेली मुले निवडून त्यांना काहीही शिकवले तरी मार्चमध्ये त्यांचे गुण वाढलेले दिसतात. त्यातल्या काहींचा जूनचा दिवस वाईट गेलेला असतो, शिवाय वर्षभरात मूल थोडे वाढतेच. तुलनेच्या शाळा नसतील तर ही वाढ उपक्रमाच्या नावावर जमा होते. आणि इच्छुक शाळा आपणहून पुढे आल्या तर उत्साही मुख्याध्यापकांच्याच शाळा मिळतात. मग परिणाम उपक्रमाचा की मुख्याध्यापकांचा, ते सांगता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात. ६० शाळा घ्याव्यात, सर्वांसमोर सोडत काढून ३० शाळांत उपक्रम यंदा आणि ३० शाळांत पुढच्या वर्षी करावा. कुणी वंचित राहत नाही आणि वर्षभर प्रामाणिक तुलना मिळते.

शाळांची संख्या मुलांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची असते. १० शाळांत प्रत्येकी १२० किंवा ६० शाळांत प्रत्येकी २० मुले, दोन्हीकडे १२०० च. पण मुलांच्या गुणांतला पाचवा हिस्सा फरक शाळाशाळांमधला आहे असे धरले, तर पहिल्या मांडणीत ०.८ प्रमाण विचलनाहून लहान फरक खात्रीने सांगता येत नाही, दुसरीत ०.३५ चा फरकही पकडता येतो, आणि जूनचे गुण हिशोबात घेतले तर त्याहून बारीक. प्रत्येक शाळेतली २० मुले हजेरीपटावरून ठरावीक अंतराने निवडावीत, त्या दिवशी हजर असलेल्यांतून नव्हे. गैरहजर मुलासाठी दोनदा परत जावे. तपासायला डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचे) छात्राध्यापक चांगले. एकाने दिवसाला २० मुले तपासली तर ३० जणांचे दोन दिवसांत काम होते. आपण पाहतो ती शाळा उपक्रमाची की तुलनेची, हे त्यांना सांगू नये. दर दहा मुलांमागे एक मूल दुसऱ्याने पुन्हा तपासावे. दोघांची पातळी वारंवार वेगळी येत असेल तर प्रशिक्षण अपुरे आहे. उपक्रम खरोखर किती दिवस झाला याची नोंदही हवी, नाहीतर ‘उपयोग झाला नाही’ आणि ‘केलाच नाही’ यांत फरक करता येणार नाही.

टॅब आणि डिजिटल फळ्यांच्या खरेदीआधी हे सगळे व्हायला हवे, असा आमचा आग्रह आहे. पेरूमध्ये मुलांना लॅपटॉप वाटले, गणित-भाषेत फरक पडला नाही. वर उल्लेखलेल्या दिल्लीच्या अभ्यासात संगणकावरच्या कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन वाढ झाली. पण तो कार्यक्रम प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचा प्रश्न देत होता आणि ४५ मिनिटांच्या संगणकाबरोबर ४५ मिनिटांचा छोट्या गटाचा तासही होता. पडद्यावर पाठ्यपुस्तकाचेच पान दाखवणाऱ्या यंत्राकडून ही अपेक्षा करता येणार नाही.

या आकड्यांवरून शिक्षकांच्या बदल्या, वेतनवाढ किंवा कारणे दाखवा नोटिसा ठरू नयेत. तसे झाले की दुसऱ्याच फेरीत सगळी मुले गोष्ट वाचू लागतात, कागदावर. आकडे जावेत ते शाळा व्यवस्थापन समितीकडे. तिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. वर्षातून तीनदा, प्रत्येक तपासणीनंतर पंधरा दिवसांत, मराठीत अर्ध्या पानाचे पत्रक: पटावर किती, तपासली किती, कोणत्या पातळीवर किती, खालच्या पाव वर्गाची जूनपासूनची वाढ किती, आणि पुढच्या दोन महिन्यांत कोणता शिक्षक कोणत्या गटाला किती वेळ देणार. मुलांची नावे त्यात नसावीत. स्वतःच्या मुलाची पातळी पालकाला बाजूला घेऊन सांगावी आणि पत्रक सभेत मोठ्याने वाचून दाखवावे, कारण ज्यांच्यासाठी ते आहे त्यांतल्या अनेकांना ते वाचता येणार नाही.

आपले,
प्राथमिक शिक्षण व मूल्यमापन या क्षेत्रात काम करणारे काही शिक्षक आणि अभ्यासक, पुणे